भागीदार निवृत्त, भागीदार दाखल: आमच्या फर्मची कागदपत्रं

आमची फर्म तिघांची, सांगलीतली, घाऊक हार्डवेअरची, रजिस्टर्ड. थोरले भागीदार, ज्यांना आम्ही काकाच म्हणतो, ते निवृत्त होणार आणि त्यांचा भाचा भागीदार म्हणून येणार, एवढाच बदल. डीडवर सह्या झाल्या की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण डीड म्हणजे भागीदारांचा आपापसातला करार. बाहेरच्या जगाला तो माहीत नसतो आणि १९३२ चा भागीदारी कायदाही तसंच धरून चालतो.

पहिला पेच नोटिशीच्या मसुद्यातच होता. आमच्या भागीदारीपत्रात मुदत नव्हती, म्हणजे ती इच्छाधीन भागीदारी. अशा फर्ममध्ये 'मी निवृत्त होत आहे' असं लेखी कळवलं तर कलम ३२ खाली एक माणूस बाहेर पडतो. 'मी भागीदारी संपुष्टात आणत आहे' असं लिहिलं तर कलम ४३ लागतं आणि अख्खी फर्मच विसर्जित होते. टायपिंगवाल्याकडचा तयार नमुना सहसा दुसऱ्या प्रकारचा असतो. वकिलांनी शब्द बदलून घेतले, शिवाय भाच्याच्या प्रवेशाला आम्हा सगळ्यांची लेखी संमती त्याच डीडमध्ये घातली. कलम ३१ प्रमाणे एकाचाही नकार असेल तर नवा भागीदार येत नाही, मूळ पत्रात वेगळं ठरलं असेल तरच गोष्ट निराळी.

निवृत्तीची तारीख महिनाअखेरची घेतली. डीडमधली तारीख, ताळेबंदाची तारीख, गोडाऊनमधल्या मालाच्या मोजणीची तारीख आणि जीएसटीत दाखवलेली तारीख, या चारही एकच हव्यात. एखादी मागेपुढे झाली की मधल्या दिवसांचा नफा कोणाचा आणि कर कोणाचा, यावरून वाद निघतो. मोजणीत अडतं ते पडून राहिलेल्या मालावर. जुन्या मापाच्या बिजागऱ्या, गंजलेले कोयंडे वहीत खरेदीभावाने उभे असतात. बाजारभावाने धरले तर जाणाऱ्याचा वाटा कमी होतो, वहीच्या भावाने धरले तर राहणाऱ्यांचं नुकसान. कुठल्या भावाने धरायचं ते डीडमध्येच लिहा.

पैशाच्या हिशेबात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जाणाऱ्याचा हिशेब न चुकवता धंदा तसाच चालू ठेवला, तर कलम ३७ खाली त्याला पर्याय असतो: फर्मच्या मालमत्तेतल्या त्याच्या वाट्यावर झालेला नफा किंवा त्या वाट्यावर सालीना ६ टक्के व्याज. आम्ही हप्ते ठरवले, व्याजाचा दर लिहिला आणि हा पर्याय राहणार नाही असं एक स्वतंत्र वाक्य टाकलं. दुसरी गोष्ट आयकराची. भांडवल खात्यात १८ लाख असताना २५ लाख द्यायचं ठरलं, तर वरच्या ७ लाखांवर भांडवली नफ्याचा कर २०२१ च्या बदलानंतर फर्मकडून घेतला जातो. गुडविल (फर्मच्या नावलौकिकाची किंमत) किंवा मालमत्तेची वाढीव किंमत धरून खातं फुगवल्याने सुटका होत नाही. त्यामुळे आकडा ठरायच्या आधीच सीएंना बसवावं, नंतर नाही.

मुद्रांकाचं सोपं आहे, फक्त एक अपवाद. फर्मची जागा ज्याने भांडवल म्हणून आणली नव्हती असा भागीदार ती घेऊन बाहेर पडत असेल, तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं.

आता खरं काम. काका निवृत्त झाल्याची जाहीर नोटीस निघेपर्यंत फर्मच्या नव्या देण्यालाही ते जबाबदार राहतात. ते भागीदार आहेत हे ज्याला मुळात ठाऊकच नव्हतं, त्याच्यापुरतीच सूट. रजिस्टर्ड फर्मसाठी जाहीर नोटीस म्हणजे तीन गोष्टी: निबंधकांना (फर्मचं सरकारी रजिस्टर ठेवणारे अधिकारी) सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका मराठी दैनिकात जाहिरात. नुसती पेपरात जाहिरात देऊन लोक मोकळे होतात, ते पुरत नाही. निबंधकांकडे महाराष्ट्रात नमुना ई भरायचा, बदलापासून ९० दिवसांच्या आत. उशिराला दंड आहे. अर्ज परत येतो तो बहुधा दोन कारणांनी: रजिस्टरमधलं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही, किंवा आधीचा एखादा बदल कधी नोंदवलेलाच नसतो. मग आधी तो जुना बदल नोंदवून साखळी जोडावी लागते. भाच्याचं नाव रजिस्टरवर चढणं आमच्याही फायद्याचं होतं, कारण वसुलीचा दावा लावताना रजिस्टरवर नाव नसलेला भागीदार असेल तर कलम ६९ आडवं येतं.

जीएसटीत बदल १५ दिवसांत आरईजी-१४ या फॉर्ममध्ये दाखवायचा. अधिकृत सहीदार काकाच होते, म्हणून आधी नवा सहीदार आणि त्याचा मोबाइल जोडून घेतला, नाहीतर ओटीपी काकांच्या फोनवर जात राहतो. शिवाय पोर्टलवर विसंबू नका. निवृत्तीची तारीख कळवणारं वेगळं पत्र एका महिन्यात कार्यालयात द्यावं आणि आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवावी. महिना उलटला तर जीएसटी कायद्याच्या कलम ९० खाली पत्र पोचेपर्यंतच्या कराचीही जबाबदारी जाणाऱ्यावर येते.

बँकेत सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे उचल कर्जाच्या) खात्यात व्यवहार चालू राहिले, तर येणारे पैसे आधी जुन्या कर्जात वळते होतात आणि काकांच्या जबाबदारीचा आकडा गोंधळात पडतो. म्हणून बँक जुनं खातं थांबवून नवं उघडते. काकांची वैयक्तिक जामीनकी आपोआप सुटत नाही. बँक, काका आणि नवी फर्म अशा तिघांच्या लेखी करारानेच सुटते. भाच्याकडून मात्र बँकेने जुन्या कर्जाचीही हमी घेतली. कायद्याने नवा भागीदार जुन्या देण्याला बांधील नसतो, पण सही केली की बांधील होतो. हे त्याला सहीच्या आधीच समजावून सांगितलं होतं.

बिलबुकं, लेटरहेड आणि पाटीवरून काकांचं नाव काढलं. कागदावर नाव राहू दिलं आणि त्या भरवशावर कोणी उधार माल दिला, तर भागीदारी कायद्याच्या कलम २८ खाली काकांकडे मागणी येऊ शकते.

फर्म दोघांचीच असेल तर हे सगळं असं चालत नाही. एक बाहेर पडताच भागीदारी संपते, पॅन बदलतो, जीएसटी क्रमांक नवा घ्यावा लागतो आणि शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने वळवावं लागतं. म्हणून अशा फर्ममध्ये नव्या भागीदाराचा प्रवेश निवृत्तीच्या आधी, निदान त्याच डीडमध्ये आधीच्या कलमात, घालून घ्यावा.