फिरणारं कृष्णविवर: अखेर परतीची लाट १ च्या वर गेली

मंडळी, न फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित गेल्या वेळी संपवलं होतं. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० साली अशा विवरावर लाटा सोडून काय परत येतं ते पाहिलं, त्याच वाटेने. तिथे परतीची लाट येणाऱ्या लाटेपेक्षा मोठी कधीच होत नाही. यंदाच्या पावसाळ्यात फिरणारं विवर हाती घेतलं. वस्तुमान १, फिरकी ०.९, साधी अदिश लाट (प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा, दिशा नाही), एल आणि एम (लाटेचा कोनीय आकार सांगणारे अंक) दोन्ही १.

नियम पाठ होता. लाटेची वारंवारता (ओमेगा) एम गुणिले क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच परतत नाही त्या सीमेच्या, फिरण्याच्या वेगापेक्षा कमी असेल, तर लाट विवराकडून ऊर्जा घेऊन परतते. माझ्या आकड्यांसाठी ही सीमा ०.३१३४. पण दोन आठवडे काहीही केलं तरी उत्तर, म्हणजे परतीची लाट भागिले येणारी लाट, १ च्या खालीच. ऊर्जेचा ताळाही जुळायचा, म्हणून शंका येईना.

एका रात्री गणनेचा सुरुवातीचा बिंदू क्षितिजाच्या आणखी जवळ सरकवला आणि उत्तर हललं. ते हलायला नको होतं! क्षितिजापाशी अवकाशच विवरासोबत ओढलं जातं. तिथे लाटेची वारंवारता ओमेगा राहत नाही, त्यातून ०.३१३४ वजा होतात. मी सीमाअटीत (क्षितिजापाशी लाट कशी असावी या अटीत) नुसता ओमेगा लिहिला होता, आणि ताळ्यातही तोच. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून ताळा जुळत होता. दुरुस्त केल्यावर ०.३ ला परतीची लाट १ च्या किंचित वर गेली, ०.३२ ला पुन्हा खाली. अदिश लाटेची वाढ कितीही झाली तरी अर्ध्या टक्क्याच्या आतच असते, म्हणून गणनेची अचूकता बरीच ताणावी लागली. गुरुत्वीय लाटेला हीच वाढ १३८ टक्क्यांपर्यंत जाते.

मग विद्युतभारित विवर घेतलं. विवराचा भार ०.९, लाटेचा ०.५. इथे सीमा म्हणजे दोन्ही भारांचा गुणाकार भागिले क्षितिजाची त्रिज्या १.४३५९. उत्तर पुन्हा ०.३१३४! कागदावर सूत्रं शेजारी मांडली तेव्हा कळलं: फिरकीच्या सूत्रात छेदात २ आहे, आणि मी लाटेचा भार नेमका अर्धा निवडला होता. तरी तो आकडा दुसऱ्यांदा पडद्यावर आला तेव्हा अंगावर काटा आला.

गेल्या आठवड्यात इथे नाशिकला गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं होतं. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत पाणी चढलेलं, आणि काठाशी एक भोवरा. त्याच्याकडे येणाऱ्या बारीक लहरी एका बाजूने दाटत होत्या, दुसऱ्या बाजूने विरळ. नॉटिंगहॅमच्या गटाने २०१७ साली अशाच, पण टाकीतल्या भोवऱ्यावर लहरी खरोखर वाढलेल्या मोजल्या. मी तासभर घाटावर उभा होतो.

आता ट्युकोल्स्की समीकरण, म्हणजे फिरणाऱ्या विवरावर गुरुत्वीय लाट. तिथे दूरच्या टोकाला आत येणारी आणि बाहेर जाणारी लाट अंतराच्या वेगवेगळ्या घाताने बदलते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या काढताना अचूकता जाते. कुणी हे केलं असेल तर सुरुवात कशी केलीत ते सांगा.