फिकट रेष

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. आमच्या खोलीला मैत्री क्लिनिक म्हणतात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींनी यावं आणि मोकळेपणानं बोलावं, यासाठी ती खोली आहे. येतात बहुतेक मुलीच. पाळीचा त्रास, रक्त कमी, घरून लग्नाचा तगादा. मुलगा आला तर त्याला कुणीतरी दंडाला धरून आणलेलं असतं, खर्र्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, तोंड उघडेनासं झालं म्हणून, नाहीतर निकालाच्या दिवशी काहीतरी करून घेतलं म्हणून. गांज्यासाठी सहसा कुणी येत नाही. गांजा गावात नाही, असं मुळीच नाही. ओडिशा-आंध्रच्या डोंगराळ भागातून तेलंगणामार्गे माल येतो, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण सरकारी दवाखान्यात तो शब्द काढला की नोंद होईल, आणि नोंद झाली की पोलीस दारात येतील, ही भीती घराघरात आहे.

महाशिवरात्र होऊन गेली होती आणि होळी जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट. ओपीडी सुरू व्हायच्या आधीच एक बाप-लेक दाराशी उभे होते. बाप चाळिशी उलटलेला, ओबीच्या कंत्राटदाराकडे डम्पर चालवणारा. ओबी म्हणजे कोळशाच्या वरचा माती-दगडाचा थर. खुल्या खदानीत तो उचलायचं काम आमच्या भागात खासगी कंत्राटदारांकडे असतं. मुलगा सतरा वर्षांचा, आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकणारा. त्याचा डावा गाल सुजला होता आणि कानाखाली बोटांचे वळ स्पष्ट दिसत होते.

"याले नंतर विचारा मॅडम. आधी मले सांगा, माह्या नोकरीचं काय होईन?" असं म्हणत बापानं खिशातून वर्तमानपत्राची घडी काढून टेबलावर उलगडली. आत बोटभर लांबीची पांढरी प्लास्टिकची पट्टी होती. मधल्या खिडकीत सी आणि टी अशी दोन अक्षरं. सीसमोर गडद गुलाबी रेष. टीसमोरची रेष इतकी फिकट, की पट्टी खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली तेव्हा मला ती दिसली.

कंत्राटदारानं गेटवर नवी सूचना लावली होती. आजवर ड्युटीवर येताना फक्त मशीन फुंकावी लागायची, दारू कळायची. आता पुढच्या महिन्यापासून कुणाचीही, कधीही, लघवीची तपासणी. बापानं आयुष्यात गांज्याला हात लावलेला नाही. पण घरात दोनच खोल्या, मुलगा आतल्या खोलीत रात्री ओढतो, आणि त्याचा वास यानं ओळखलेला. रातपाळी करून आलेला माणूस सकाळी त्याच खोलीत झोपतो. तो धूर आपल्या अंगात गेला असेल, या धास्तीनं त्यानं चंद्रपूरहून मेडिकलमधून तपासणीचं किट आणलं आणि स्वतःचीच लघवी तपासली. दोन रेषा आल्या. बायकोनं पाहिलं. तिला आशाताईंनी दिलेलं निश्चय किट माहीत होतं, गरोदरपण तपासायचं. त्यात दोन रेषा म्हणजे दिवस गेले. इथेही दोन रेषा म्हणजे लागलं, असं तिनं सांगितलं. मग बापानं मुलाला उठवून मारलं. "तुह्या धुरानं माही रोटी गेली," असं म्हणत मारलं, हे मुलानं मला नंतर सांगितलं.

मी आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना बोलावून घेतलं. त्यांनी पट्टी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, की रेष तेव्हाच दिसली होती की नंतर उमटली? कारण ही पट्टी पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायची असते, शिळ्या पट्टीला अर्थ नसतो. "तेव्हाच होती जी, अशीच," बाप म्हणाला. मग त्यांनी शांतपणे समजावलं. गरोदरपणाच्या पट्टीत जे शोधायचं ते सापडलं की रेष उमटते. गांज्याच्या पट्टीचं काम उलट चालतं. लघवीत गांज्याचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर तो रंगाच्या कणांना अडवतो आणि टीसमोर रेष उमटतच नाही. रेष आली, कितीही फिकट असली तरी, म्हणजे अंश त्या मर्यादेच्या खाली. बहुतेक किटमध्ये ही मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम असते.

"म्हंजे मी पास आहो?"

"पास आहात."

त्याचा चेहरा सैल होईल असं मला वाटलं. तसं झालं नाही. त्यानं पट्टी पुन्हा कागदात गुंडाळली, मुलाच्या गालाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

धुराचं त्याला नीट सांगणं गरजेचं होतं, कारण ही भीती खदानीतल्या बऱ्याच घरांत असणार. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न ओढणाऱ्या माणसांना ओढणाऱ्यांबरोबर बंद खोलीत तासभर बसवून पाहिलं आहे. वारा अजिबात नसलेल्या, धुरानं भरलेल्या खोलीत ५० नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडणं अगदी क्वचित घडलं, तेही लगेचच्या काही तासांत. पंखा सुरू असताना घडलं नाही. रात्री कुणी ओढलेल्या खोलीत सकाळी दार-खिडकी उघडून झोपणाऱ्या माणसाची तपासणी त्यामुळे बिघडत नाही. मग मी त्याला भांगेचं विचारलं. शिवरात्रीला घेतली होती, दरवर्षी घेतो, त्यात काय? त्यात हे, की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांज्याच्या व्याख्येत फुलोरा येतो, नुसतं पान येत नाही, म्हणून लोक भांगेला गांजा मानत नाहीत. पण अंश तोच, आणि पट्टी पान-फूल ओळखत नाही. एकदाच घेतलेली भांग साधारण तीन-चार दिवसांत लघवीतून निघून जाते, म्हणून या वेळी रेष आली. "होळीले घेऊ नका," एवढं मी त्याला बजावलं. खोकल्याचंही सांगितलं. धुळीत काम करणारी माणसं खोकल्याचं औषध सर्रास पितात, त्यातल्या कोडीनमुळे अफूवर्गाची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून चालू असलेली औषधं तपासणीच्या आधी लिहून द्यायची, आणि पट्टीवर काही आलंच तर मोठ्या प्रयोगशाळेतून खात्रीची तपासणी मागायची. पट्टी हा पहिला इशारा असतो, निकाल नसतो.

अशा तपासणीला माझा विरोध नाही. डम्परच्या केबिनमधून चाकाजवळची जीप दिसत नाही, हे मला खदानीतल्या कामगारांच्या बायकांनीच सांगितलं आहे. फक्त लघवी हे सांगत नाही की माणूस आत्ता नशेत आहे का. मागच्या काही दिवसांत अंगात काय गेलं, एवढंच ती सांगते.

"मंग आता याचीबी करून टाका," बाप म्हणाला. "खोटं बोलते हा. तुमच्या कागदावर येऊन जाऊ द्या."

मी नाही म्हणाले. तो ओढतो हे बापाला माहीत होतं आणि मुलगाही ते नाकारत नव्हता. मग पट्टी कशासाठी लावायची? त्याला हरवायला? मुलाच्या मनाविरुद्ध त्याची लघवी घेऊन बापाच्या हातात कागद दिला, तर तो मुलगा या खोलीत परत कधीच येणार नाही, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे. बाहेरच्या बाकावर बसायची विनंती करून मी दार लावून घेतलं.

मुलगा आधी काही बोलला नाही. मी सांगितलं की इथं बोललेलं मी तुझ्या घरी सांगणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तरच सांगेन, आणि तेही तुला आधी सांगून. मग हळूहळू आलं. दहावीत खर्रा. मग धाब्यावर टिप्परच्या क्लिनर पोरांबरोबर सिगारेटमधला तंबाखू काढून त्यात भरलेला माल. आधी रविवारी, मग रोज रात्री. का ओढतोस, तर "मजा येते". थोड्या वेळानं, "झोप येते".

"सोडून पाहिलं होतं का?"

"पाहिलं न. मंग लय चिडचिड व्हाले लागली. जेवणच जाये ना. झोपलो का घाण घाण सपनं. अंग घामानं ओलं. मले वाटलं, आपल्याले काही रोग लागला. मंग पुन्हा ओढलं त बरं वाटलं."

त्याला कुणीही सांगितलं नव्हतं की रोजचा गांजा अचानक थांबवला की असंच होतं. दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास देतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत ओसरतं. झोप मात्र उशिरा ताळ्यावर येते. मी हे सांगत असताना त्यानं पहिल्यांदा मान वर केली. इतके महिने तो स्वतःला आजारी समजत होता आणि त्या आजाराचं औषध म्हणून गांजाच ओढत होता.

मग त्यानंही तोच प्रश्न विचारला जो त्याच्या बापानं विचारला होता. शिकाऊ उमेदवारीच्या मेडिकलमध्ये हे किती दिवस निघतं? मी खरं ते सांगितलं. गांज्याचा अंश चरबीत साठतो आणि सावकाश सुटतो, म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस सापडतो. लिंबू-मीठ पाणी, ताक, व्हिनेगर, मोबाइलवर मित्र पाठवतात ते कोणतेही उपाय तो धुऊन काढत नाहीत. व्हिनेगर पिऊन पोटाची आग करून घेतलेला मुलगा मी पाहिला आहे.

आवाज ऐकू येतात का, कुणी मागे लागलंय असं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारावंच लागतं. शेवटच्या दोन्हींना तो नाही म्हणाला. पहिल्याला म्हणाला, "ओढल्यावर कधी कधी कोणी नाव घेऊन बोलावते असं वाटते." इतकंच. पण एवढ्यानंही माझ्या मनात खूण झाली. हे डॉक्टरांना आणि बाबांना सांगावं लागेल, असं मी त्याला तिथेच म्हणाले. तो थोडा वेळ पायाकडे पाहत राहिला, मग "सांगा" म्हणाला.

मी बापाला एकट्याला आत घेतलं आणि विचारलं, घराण्यात कुणाला मनाचा आजार होता का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या धाकट्या भावाची गोष्ट निघाली. विशीतला पोरगा, यात्रेत बैरागी-गोसाव्यांबरोबर चिलीम ओढायला लागला, मग एकटाच बोलायला लागला, घरच्यांवर संशय घ्यायला लागला. आधी देवऋषी झाले, दर्गे झाले. शेवटी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलं. बरा होऊन आला, गोळ्या सुटल्या, पुन्हा बिघडला आणि एक दिवस घरून निघून गेला. अजून सापडलेला नाही. "हे पोट्टं त्याच्यासारखंच दिसते, मॅडम. हसतेबी तसंच." डम्पर, गेट, लघवी, नोकरी या सगळ्याच्या मागं सकाळपासून ही भीती उभी होती. ती तोंडानं म्हणायला त्याला जमत नव्हतं.

गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला असा आजार होत नाही. पण घराण्यात तो असेल, वय कोवळं असेल आणि रोजचं ओढणं असेल, तर धोका नक्की वाढतो. हे मी त्याला लपवून ठेवलं नाही. त्याच वेळी हेही सांगितलं, की मुलगा अजून ताळ्यावर आहे, स्वतःहून बोलतोय, आणि गांजा आत्ता थांबणं हेच त्याच्यासाठी सगळ्यात मोठं संरक्षण आहे. मारल्यानं तो थांबणार नाही, धाब्यावर जास्त वेळ बसेल.

"पोलिसात जाईन का हे?"

दवाखान्याचं केसपेपर पोलिसांना द्यायसाठी नसतं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये तर स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला किरकोळ प्रमाणाच्या आणि सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे. आणि अठराच्या आतला मुलगा कायद्यापुढे बाल न्याय मंडळाकडे जातो. उलट लहान मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. धाब्यावरच्या माणसाबद्दल हे ऐकल्यावर बापाच्या मुठी वळल्या. तिथं जाऊन भांडायचं नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुलाला तपासलं, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली. मी चिठ्ठीच्या मागे १४४४६ आणि १४४१६ लिहिले, पहिला व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा, दुसरा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा. रात्री झोप येणार नाही तेव्हा दवाखाना बंद असतो आणि धाबा उघडा. निघताना बापानं मुलाच्या गालाला हात लावला. "लय लागलं का रे?" मुलानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

गेटवरच्या तपासणीत बापाचा नंबर लागला, काही सापडलं नाही. मुलानं होळीच्या रात्री ओढलं आणि दोन दिवसांनी स्वतः येऊन सांगितलं. त्यानंतरही एकदा. नाव घेऊन बोलावणारा आवाज अलीकडे नाही, असं तो सांगतो. मनोविकारतज्ज्ञ अजून निर्धास्त नाहीत, मीही नाही. झोपेसाठी त्यांनी दिलेल्या गोळ्या त्याची आई मोजून देते. तिला आता दोन्ही पट्ट्यांतला फरक माहीत आहे आणि शेजारणींनाही ती तो समजावते. डिझेल मेकॅनिकचा निकाल लागला की शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरायचा आहे. त्याआधी चंद्रपूरची आणखी एक भेट आहे, आणि तिच्यासाठी बापानं रजेचा अर्ज टाकला आहे.