शिलाई मशीनच्या खणातले हॉप्स

ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात, घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानात मी सात वर्षं काम करते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, यीस्ट, बुचं, नळ्या आणि हॉप्स. इथे हा छंद १९७८ साली कायद्याने मोकळा झाला. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, विकायची मात्र नाही. शनिवारी माल्ट भरडायची गिरणी दिवसभर सुरू असते, केसांत पीठ बसतं, आणि काउंटरवर तोच प्रश्न दहा तोंडांनी येतो: "हे हॉप्स संपलेत, मग त्याऐवजी काय घालू?"

उत्तराचा अर्धा भाग सोपा आहे. हॉप म्हणजे वेलीवरचं शंकूसारखं हिरवं फूल. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी चिकट पिवळी पूड असते. तिच्यातली अल्फा आम्लं तासभर उकळली की कडवटपणा येतो. तो मोजता येतो, म्हणून बदलताही येतो. साझ जातीचे हॉप्स ३ टक्के अल्फाचे असतील आणि पाककृतीत ८५ ग्रॅम लिहिले असतील, तर १३ टक्क्यांचे मॅग्नम जातीचे २० ग्रॅम पुरतात. गुणाकार, भागाकार, झालं.

उकळीच्या शेवटी घालायच्या हॉप्सचं असं होत नाही. तिथे तेलांचा वास लागतो. आमच्या सांगलीकडच्या माणसाला हे मिरचीवरून लगेच पटेल. तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी. कांदा-लसूण मसाल्यात ब्याडगी नसली म्हणून संकेश्वरीच वाढवली, तर जाळ होईल, तो लाल रंग येणार नाही. गिऱ्हाइकं फोनवर पर्यायांचा तक्ता उघडून येतात. त्यात एका नावापुढे तीन नावं असतात. कडूपणासाठी की वासासाठी, कुठल्या वर्षीचं पीक, कुठल्या जमिनीतलं, काही नाही. या तक्त्यांनी फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात नवीन पिढीला सिट्रा आणि मोझॅक या जातींपलीकडे काही दिसत नाही. आमच्या दुकानातला तरुण सहकारी तर बिनधास्त सांगतो की सगळे जर्मन हॉप्स लागरमध्ये, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरमध्ये, सारखेच लागतात. हुशार मुलगा आहे, पण नाक वापरत नाही.

नोव्हेंबरमध्ये एक वयस्कर गृहस्थ आले. हातात प्लास्टिकमध्ये जपलेलं कार्ड होतं. पत्नीच्या हाताचं, १९८६ सालचं. त्या दर हिवाळ्यात लागर करायच्या, हे बाटल्या धुवायचे. वसंतात त्या वारल्या. "मी कधी चुलीजवळ गेलो नाही," ते म्हणाले. "पण ही बिअर मला एकदा करायची आहे."

कार्डावर लिहिलं होतं: हॅलरटाऊ, ७ एचबीयू, ६० मिनिटं. खाली: हॅलरटाऊ, १ औंस, गॅस बंद करताना. एचबीयू हे जुन्या घरगुती ब्रुअरांचं माप. औंस गुणिले अल्फा टक्के. मला ते कार्ड बघून फार आनंद झाला. ही बाई वजनावर न जाता दर वर्षी पाकिटावरचा आकडा बघून माप ठरवत होती. आजही आमची निम्मी गिऱ्हाइकं एवढं करत नाहीत.

हॅलरटाऊचं पाकीट त्या दिवशी आमच्याकडे नव्हतं. मी माउंट हूड दिले. निवड विचार करूनच केली होती. आमच्याच राज्यात कोरव्हॅलिसला सरकारी संशोधकांनी जर्मन हॅलरटाऊपासून ही जात काढली आणि १९८९ साली बाहेर आणली, ती मुळात पर्याय म्हणूनच. कॅस्केडची कहाणीही तशीच. तीही कोरव्हॅलिसचीच, १९७२ची. जर्मनीतल्या हॅलरटाऊ मिटेलफ्रू या जातीला मर रोगाने झोडपलं होतं, तेव्हा कूर्स या बिअर कंपनीने तिच्या जागी कॅस्केड घेतली. वास निघाला संत्र्या-मोसंबीच्या सालीकडे जाणारा. जर्मन हॉपचा पर्याय म्हणून ती फसली, आणि त्याच वासावर पुढे अमेरिकी पेल एल या बिअरची अख्खी परंपरा उभी राहिली. माउंट हूड त्यापेक्षा पुष्कळ जवळची. पाकिटावर ५.६ टक्के होते. सात भागिले ५.६, सव्वा औंस, ३५ ग्रॅम. वासाला वेगळा एक औंस.

जानेवारीअखेर ते दोन बाटल्या घेऊन आले. बिअर स्वच्छ होती, फेस टिकत होता. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या हातून एवढी नितळ लागर मी क्वचित पाहिली आहे. त्यांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "चांगली आहे. तिची नाही."

सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. आत बुचं, पावत्या आणि एका रिकाम्या पाकिटाचा फाटका कागद. त्यावर छापलं होतं: हॅलरटाऊ हर्सब्रुकर.

मी तो कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिले. हॅलरटाऊ हे मुळात बव्हेरियातल्या प्रदेशाचं नाव. मर रोगाने मिटेलफ्रू मागे हटली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी हर्सब्रुकर लावली. माल हॅलरटाऊचा, जात वेगळी. बाईंनी कार्डावर पहिला शब्द लिहिला, दुसरा गाळला. हा इतिहास मला पाठ होता, तरी मी विचारलं नाही. देवगड लिहिलेल्या पेटीत कुठला आंबा आहे हे बघितल्याशिवाय पैसे न देणाऱ्या घरात मी वाढले. इथे मात्र नावावर विश्वास ठेवला. चूक माझी होती, आणि तिच्यात त्यांचे दोन महिने गेले. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "दोन महिने मला काहीतरी करायला होतं."

या वेळी खरे हर्सब्रुकर दिले. पाकिटावर २.५ टक्के. म्हणजे ७ एचबीयूला २.८ औंस, जवळजवळ ८० ग्रॅम. पातेल्यात एवढा पाला गेला की तळाशी हिरवा गाळ बसतो आणि थोडी बिअर त्यातच अडकते. म्हणून पाणी थोडं वाढवायला सांगितलं. हर्सब्रुकरला गवताचा, फुलांचा मंद वास असतो. आता जमेल याची मला खात्री होती.

गेल्या शनिवारी ते पुन्हा आले. घोट घेतला, डोळे मिटले. "जवळ आली," म्हणाले. "पण तिची आणखी कोरडी लागायची. गोठ्यात वाळलेलं गवत असतं ना, तशी."

तेव्हा मी एक प्रश्न विचारला, जो मला नोव्हेंबरमध्येच सुचायला हवा होता. "बाई हॉप्स कुठे ठेवायच्या?"

"तळघरात. शिलाई मशीनच्या खणात. सप्टेंबरमध्ये आणायची, नाताळानंतर वापरायची."

सात वर्षं मी लोकांना हेच सांगत आलेय की हॉप्सची शत्रू म्हणजे हवा आणि ऊब. आमची पाकिटं हवा काढून सील केलेली, फ्रीजरमध्ये. उघडी राहिली की अल्फा उतरतो, तेलं उडतात आणि हिरवा वास वाळक्या गवताकडे जातो. फारच झालं तर जुन्या चीजसारखी घाण सुटते. असा माल मी स्वतः कचऱ्यात टाकते. आणि या माणसाला चाळीस वर्षं प्रिय असलेली चव कदाचित खणात चार महिने पडलेल्या हॉप्सची आहे. तसं असेल तर कार्डावरचे ७ एचबीयूही खरे नव्हते. पाकिटावरचा आकडा सप्टेंबरचा, उकळी जानेवारीची. प्रत्यक्षात पाच असतील, साडेपाच असतील. बाईंना ते कळलं होतं का? जिभेला बरं वाटलं म्हणून तसंच चालू ठेवलं असेल का? हे कुणाला विचारू?

मालकांच्या मते आपण आपलं काम चोख केलं, आता ताजा माल विकावा आणि विषय सोडावा. मला सोडवत नाही.

सोमवारी मी स्वतःच्या पैशाने हर्सब्रुकरचं एक पाकीट घेतलं, कोपरा कापला, घडी घालून क्लिप लावली आणि काउंटरखालच्या खणात पावती-पुस्तकांजवळ ठेवलं. वर तारीख लिहिली. सहकाऱ्याने ते एकदा टाकून द्यायला काढलं होतं, मी परत ठेवलं. आज पाचवा दिवस. दाबलेल्या हॉप्सच्या दोन गोळ्या तळहातावर चुरडून पाहिल्या. अजून हिरवाच वास येतोय.