बर्फीचा सातबारा

बर्फी घरी आली तेव्हा ती ‘ती’ होती. विकणाऱ्याने मादी म्हणून दिली, मुलाने रंगाकडे बघून संत्रा बर्फीवरून नाव ठेवलं, आणि पुढे डॉक्टरांनी उताणी करून तपासली तेव्हा ‘ती’चा ‘तो’ झाला. पिल्लू लहान असताना सशाचं नर-मादी ओळखण्यात भले भले फसतात म्हणे. नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे आमच्याकडे ‘बर्फी आला’, ‘बर्फीने घाण केली’ असं ऐकू आलं तर व्याकरण तपासू नये.

दुसरं वाक्य जास्त वेळा ऐकू यायचं.

ससा मुळात स्वच्छ प्राणी, एकच कोपरा धरतो, असं मुलाने आणण्यापूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्ही भांडी विसळायचा जुना निळा टब हॉलमध्ये ठेवला, सुताराच्या दुकानातून लाकडाचा भुसा आणला आणि दोन महिन्यांच्या त्या ओंजळभर जिवाला टबात बसवलं. त्याने भुसा हुंगला, टुणकन बाहेर उडी मारली आणि दिवाणाखाली जाऊन काम उरकलं. संध्याकाळपर्यंत हॉल, देवघराचा उंबरठा, चपलांचा स्टँड, सगळीकडे वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या, बिनवासाच्या लेंड्या. एक ससा दिवसाला दोन-तीनशे सहज टाकतो. मुलाने एका रविवारी मोजायला घेतल्या आणि एकशे चाळीसवर कंटाळून सोडून दिल्या.

“हा काऊन असा करून राहिला बाप्पा?” आई म्हणाली.

“नोंद करून राहिला,” बाबा म्हणाले.

बाबा तलाठी म्हणून निवृत्त झाले. जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांना गाव नमुन्यांतच समजतात. त्यांचं म्हणणं असं, की सातवर कब्जेदाराचं नाव लागतं आणि बारावर पीकपाणी. याने एकाच फटक्यात कब्जाही दाखवला आणि पीकही. मी सातबाऱ्यावर हसलो, तर माझीच चूक काढली: शहरात सातबारा नसतो, आखीव पत्रिका असते. असो. मला सातबाराच बरा वाटतो. आखीव पत्रिकेत पीक कुठून येणार?

गंमत म्हणजे बाबांचं निदान डॉक्टरांच्या बरंच आधीचं आणि जवळपास बरोबर. विखुरलेल्या सुक्या लेंड्या म्हणजे ससा विसरला असं नाही. ही जागा माझी, असं तो लिहून ठेवतो. हनुवटीही घासतो, खुर्चीच्या पायाला, कपाटाच्या कडेला. तिथे गंधाच्या ग्रंथी असतात, आपल्याला वास येत नाही एवढंच. आणि आम्ही काय केलं, तर पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं सोडलं. एवढासा जीव, तीन खोल्या आणि पॅसेज. एकाच दिवसात सगळ्यावर नाव लावायचं म्हणजे किती धावपळ!

त्यात आईचं फिनाइल. ती रोज फरशीच काय, टबही घासूनपुसून लख्ख करायची. दुसऱ्या दिवशी बर्फी यायचा, फिनाइलला नाक मुरडायचा आणि नवा कोपरा शोधायचा. “तुम्ही हद्दीचे दगडच उपटता,” बाबा म्हणाले, “मग तो रोज नव्यानं मोजणी करते.”

भुसा सशाच्या फुप्फुसांना चांगला नाही असं कळल्यावर आम्ही टबात जुने पेपर फाडून टाकू लागलो. ही युक्ती फारच यशस्वी झाली. आठवडाभरात बर्फी टबात जायला लागला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग एका सकाळी बाबांनी खुर्चीशेजारी फरशीवर पेपर पसरला, चष्मा आणायला आत गेले आणि परत येतात तो बर्फी संपादकीयावर बसलेला. डोळे अर्धवट मिटून, पूर्ण समाधानात. आम्ही त्याला टब शिकवलाच नव्हता. आम्ही त्याला पेपर शिकवला होता. पुढचे पंधरा दिवस बाबांनी पेपर उभ्याने वाचला.

एकदा फरशीवर तांबडंलाल दिसलं आणि घरात रडारड झाली. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. बाकावर एका बाजूला लॅब्राडोर, दुसऱ्या बाजूला शेळी, मध्ये मी, मांडीवर झाकणाला भोकं पाडलेला डबा. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं? बीट. झालं. भाजीपाल्यातल्या रंगाने सशाची लघवी लाल होते. आणि फरशीवर चुन्यासारखे पांढरे डाग पडतात ते जास्तीचं कॅल्शियम. त्याला पांढरं व्हिनेगर लावा, फिनाइल नको. त्याच बैठकीत ‘ती’चा ‘तो’ झाला आणि नसबंदीचा विषय निघाला. वयात आलेला नर हद्द आखतोच, ऑपरेशननंतरही थोडे आठवडे जातात मग निवळतो, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, “तो खाता खाता करतो. चारा टबाच्या टोकाला ठेवा. आणि जुन्या चार लेंड्या टबात राहू द्या.”

चारा म्हणजे वाळलं गवत, वर ताजी दूर्वा, कधी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या. गोकुळपेठ बाजारातल्या फुलवालीकडून मी रोज दूर्वांच्या पाच जुड्या न्यायला लागलो. तिने महिनाभर कौतुकाने बघितलं आणि मग विचारलं, “दादा, टेकडीच्या गणपतीचा नवस हाय का?” मी हो म्हणालो. सशासाठी नेतो म्हटलं असतं तर जुडी दोन रुपयांनी महागली असती असं नाही, पण तिचा चेहरा पडला असता.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. आणखी एक केलं, ते बाबांच्या सांगण्यावरून. टब आमच्या सोयीच्या कोपऱ्यातून उचलला आणि तो स्वतः सगळ्यात जास्त जिथे जायचा तिथे, हॉलच्या खिडकीखाली ठेवला. “वहिवाट बघावी माणसानं,” बाबा म्हणाले. एप्रिल उजाडेपर्यंत बर्फी टबात बसून गवत चघळत चघळत आपलं काम करायला लागला. पॅसेज सुटला, देवघर सुटलं. बाबांच्या खुर्चीखाली रोज सकाळी दोन लेंड्या तेवढ्या असतात. बाबा त्या कागदाच्या कपट्यावर उचलून टबात टाकतात.

आता अडचण अशी, की हॉलची खिडकी म्हणजे कूलरची खिडकी. नागपुरात पारा पंचेचाळीसकडे निघाला की कूलर त्याच खिडकीला लागतो, पंचवीस वर्षं लागतो आहे. या वर्षी तो सुरू केला आणि टबातलं वाळलं गवत उडून पंख्यापर्यंत गेलं, आईच्या डोक्यावर, वरणाच्या पातेल्यात. टब गॅलरीत टाका, असं बायको म्हणाली. पण सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून टाकतो. गॅलरीतल्या उन्हात त्याचं काय होईल हे तिलाही माहीत होतं. मग टब पुन्हा जुन्या कोपऱ्यात नेऊन बघितला. बर्फी खिडकीखाली गेला आणि रिकाम्या फरशीवर बसला.

शेवटी कूलरच्या पट्ट्या वर वळवल्या. आता गार हवा छताला लागते. खाली टबात बर्फी ओल्या वाळ्याच्या वासात कान पाठीवर टाकून पसरलेला असतो आणि समोरच्या खुर्चीत बाबा बनियनवर, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत असतात.

काल त्यांनी विचारलं, ससा किती वर्षं जगतो?

आठ-दहा, मी म्हटलं. नीट सांभाळला तर बाराही.

“बारा वर्षं उघड कब्जा राहिला, तर मालकालाही उठवता येत नाही,” बाबा म्हणाले आणि पुठ्ठ्याचा वारा थोडा टबाकडे घातला.