तीच घडी

शिमग्याची वर्गणी परत आली. पाचशेची नोट, चौघडी घालून दिली होती तशीच. पोरगं उंबऱ्यावर ठेवून पळालं, त्याला तरी काय बोलणार. दंड मागायला आले असते तर चीड आली असती, आणि चीड मला जमते. पण आपले पैसेच नकोत म्हटल्यावर?

वहीत लगेच उतरवलं. तारीख, सव्वानऊ, कुणी आणली, शब्द काय: "गावकीने नको सांगितलंय." पहिली चार पानं ‘अपमान केला’, ‘तोंड फिरवलं’ असलं लिहून फुकट गेली. तोंडचे शब्द हवेत, जसेच्या तसे, आणि तिसरं कोण उभं होतं त्याचं नाव. वाळीत टाकल्याचा ठराव कुणी कागदावर करत नाही. देवळात बैठक बसते, माना डोलतात आणि दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटतो, आपल्यापुरता. म्हणून हे असले बारके नकारच गोळा करायचे. आता ‘वर्गणी का घेत नाही’ असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं. ‘घेण्यास नकार’ शेरा पडून परत आलं तर उत्तमच. साक्षीदार फुटतो, शेरा फुटत नाही.

आणि तरीही त्यांनी ती नोट घ्यायला हवी होती असं वाटतं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार लिहितेय त्यांनीच. लाज वाटते याची.

कायदा आहे. महाराष्ट्राचा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. मुंबई प्रांताचा १९४९ चा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. मधली पंचावन्न वर्षं गावकीला रान मोकळं. आता तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात मात्र ‘आपसात मिटवा’ म्हणतात, फार झालं तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण. तिथेच अडून बसायचं: गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआरच हवा, त्यात या कायद्याचं नाव हवं आणि प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. गुन्हा जामीनपात्र आहे. ज्यांची नावं दिली ते संध्याकाळी पुन्हा पारावर बसलेले दिसतात. त्यामुळे तक्रारीआधी महिनाभराचा किराणा तालुक्याहून भरायचा, सिलिंडर जादा ठेवायचा. मग नारळ घेऊन मिटवायला येतात. देवळात नारळ फोडून हा खटला मिटत नाही. आपली संमती लागते, कोर्टाची परवानगी लागते. आई म्हणते, माझ्या वेळेला खांद्याला चौघे तरी... ते असो.

ती घडीच डोळ्यासमोरून जात नाही. उलगडूनही पाहिली नाही कुणी. वर्गणी घेतली असती तर पालखी दारात थांबली असती का? नसती. मग पाचशे वाचले म्हणायचे! नोट वहीतच ठेवलीय, मोडवत नाही.

घरघंटी घेतल्यापासून गिरणीचं अडत नाही. किलोला आठ-दहा मिनिटं लागतात, आवाज मात्र वाडीभर जातो. आज पहाटे मागल्या दाराशी तांदळाचा डबा. कुणाचा ते कळू नये म्हणून रात्री ठेवलेला, आणि झाकणावर लग्नातलं नाव कोरलेलं, नवऱ्याच्या नावासकट. नवरा बैठकीत पुढे बसणारा.

हे वहीत लिहिणार नाही.

तांदूळ धुऊन नीट वाळवलेले नाहीत. असेच टाकले तर जाळी तुंबेल. आधी उन्हात घालायला हवेत, पुढच्या अंगणात नको, मागेच.