दक्षता पथकाने विचारलेले कुळ

अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, महाविद्यालयाच्या कार्यालयाने अनुसूचित जमातीच्या आम्हा सात-आठ विद्यार्थ्यांना बोलावून सांगितले, की पुढे अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल, तर प्रांत कार्यालयातून मिळालेला जमातीचा दाखला पुरणार नाही, पडताळणी समितीकडून त्याची वैधता आत्तापासूनच करून घ्यावी लागेल. माझा जन्म आणि शिक्षण भोसरीचे. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. ‘महादेव कोळी’ हे दोन शब्द मला प्रामुख्याने दाखल्यावरून ठाऊक होते. घरात ते कोणी उच्चारत नसे. आम्ही फक्त ‘आपली माणसे’ म्हणत असू. शाळेतल्या मैत्रिणी ‘कोळी’ एवढेच ऐकून मला पापलेट साफ करायला शिकव म्हणत आणि मी दर वेळी सांगे, की आमचे गाव समुद्रापासून फार लांब आहे, तिथे भात, नाचणी आणि हिरडा पिकतो. यापलीकडे सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आमच्या वडिलांच्या बाजूने वैधता मिळालेले कोणीच नव्हते, आणि खरी अडचण तिथे होती. सख्ख्या काकांना किंवा चुलत भावाला ती मिळालेली असती, तर त्यांचे प्रमाणपत्र आणि नाते सिद्ध करणारी वंशावळ जोडून काम बरेच हलके झाले असते. पहिल्या माणसाला मात्र सगळे मुळापासून उभे करावे लागते. जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी जाहीर झाली, त्यामुळे त्या तारखेपूर्वीच्या नोंदीला सर्वांत जास्त वजन असते. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तर ‘हिंदू कोळी’ असे लिहिलेले होते. गुरुजींनी विचारले असेल, आजोबांनी ‘कोळी’ म्हटले असेल, आणि धर्म व जात एका रकान्यात भरून टाकली असेल. एवढ्याशा लेखणीच्या फटकाऱ्याने आमचे दीड वर्ष खाल्ले. नुसत्या ‘कोळी’ नोंदीवरून महादेव कोळी ही जमात सिद्ध होत नाही, त्यामुळे ‘हिंदू कोळी’ या शब्दांचे भय निराधार नव्हते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची आजची पद्धत घालून दिली, त्यातही दोन बहिणींचा महादेव कोळी असल्याचा दावा घरातल्या जुन्या ‘हिंदू कोळी’ नोंदींपाशीच अडला होता आणि तो फेटाळला गेला होता.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वडील रजा काढून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात चार वेळा गेले, तेव्हा जन्ममृत्यूच्या नोंदींचे म्हणजे कोतवाल बुकाचे एक पान मिळाले. ते मोडी लिपीत होते. लिप्यंतर करणाऱ्या गृहस्थांकडे मी वडिलांबरोबर गेले होते. त्यांनी भिंग लावून पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर दाखवले: पणजोबांचे नाव, मुलगा झाल्याची तारीख, आणि जातीच्या रकान्यात ‘म. कोळी’. वडिलांचा चेहरा उजळला, पण ते गृहस्थ म्हणाले, “हे महादेव की मल्हार, ते कागद सांगत नाही. मी आहे तेवढेच लिहून देणार.” मल्हार कोळी हीदेखील यादीतली जमात आहे, पण वेगळी, दाखला एका जमातीचा आणि पुरावा दुसऱ्या जमातीचा, असे चालत नाही.

पूर्ण शब्द सापडला तो चुलत आजोबांच्या नावापुढे. ते १९३८ साली गावच्या शाळेत पहिलीत बसले होते. ती शाळा आता नाही. आमचे जुने गाव डिंभे धरणात गेले, ज्याचे अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. शाळेचे दप्तर वरच्या अंगाला नव्याने बांधलेल्या शाळेत हलवलेले होते, परंतु तिथे दोनदा ‘एवढे जुने रजिस्टर उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला नवीन आलेल्या गुरुजींनी स्वतः पेटी उघडली. रजिस्टरच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, मधला भाग शाबूत होता आणि तिथे जाड निळसर शाईत ‘महादेव कोळी’ लिहिलेले होते. वडिलांनी त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो बरेच दिवस पुसला नाही.

प्रतिज्ञापत्रावर केलेली वंशावळ, हे उतारे आणि सगळ्यांचे शाळेचे दाखले असा गठ्ठा महाविद्यालयामार्फत समितीकडे गेला. काही महिन्यांनी समितीच्या दक्षता पथकाचा फोन आला आणि गृह चौकशीची तारीख ठरली. पथकातले पोलीस अधिकारी कागदपत्रे पाहणार आणि संशोधन अधिकारी जमातीच्या चालीरीती विचारणार, असे आम्हाला ओळखीच्या वकिलांनी आधीच सांगितले होते. या दुसऱ्या भागाला सगळे ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ म्हणतात. देव कोणते, कुळ कोणते, लग्नात काय करतात, मयतीनंतर काय करतात, सण कोणते, नाच कोणते, यावरून त्या माणसाचा जमातीशी खरोखर संबंध आहे की नाही हे ताडायचे, अशी त्यामागची कल्पना आहे.

बारावीच्या सराव परीक्षा तोंडावर होत्या आणि मी रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर माझीच जमात पाठ करत होते. दोन आठवडे रोज रात्री आत्याला फोन लावला. आत्या गावात राहते, पावसाळ्यात भाताची आवणी आणि उन्हाळ्यात हिरडा असे तिचे वर्ष असते. मी विचारले, “आत्या, आपले कुळ काय गं?” पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि मग ती म्हणाली, “इतक्या वर्षांत आज विचारलंस होय?” तिने कुळ सांगितले, ते आमच्या आडनावापेक्षा निराळे होते. आडनाव एक असले तरी कुळ निराळे असू शकते आणि सोयरीक जुळवताना कुळ पाहतात, हे मला तेव्हा कळले. वाघबारस तिने फोनवर इतकी रंगवून सांगितली, की माझे लिहायचे राहूनच गेले: दिवाळीच्या तोंडावर गुराख्यांनी घरोघर फिरून शिधा मागायचा, रानात वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडी पाटीपुढे खीर रांधायची, नैवेद्य दाखवायचा आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून विनवायचे. लहानपणी तिने लपूनछपून पाहिलेले, वाघ झालेल्या पोराला सगळ्यांनी मिळून पिटाळणे, हे सांगताना ती हसत होती. माझ्या उत्तरपत्रिकेत त्याचे झाले ‘सण – वाघबारस, देव – वाघोबा’.

पथक आले त्या दिवशी आईने पोहे केले होते. अधिकाऱ्यांनी फक्त पाणी घेतले. आमच्या वन बीएचकेमधल्या टीव्हीखाली देव्हारा आहे, त्याचाही त्यांनी फोटो काढला. संशोधन अधिकारी बाई वागायला मृदू होत्या, हे नमूद करायला हवे. त्यांनी पहिले चार प्रश्न विचारले आणि मी घडाघडा उत्तरे दिली. पाचव्या प्रश्नाला त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, “हे तुम्ही पाहिले आहे का?” मी म्हणाले, “नाही, आत्याने सांगितले.” त्यांनी ते तसेच लिहून घेतले. मग तुमच्या बोलीतले काही शब्द सांगा, असे म्हणाल्या. आमच्या माणसांची बोली मराठीच आहे, पावरा किंवा गोंड मुलांसारखी वेगळी भाषा आमच्याकडे नाही, आणि जो काही हेल होता तो भोसरीच्या शाळेत पहिल्या दोन वर्षांतच मी प्रयत्नपूर्वक घालवला होता, कारण त्यावरून मुली हसत. हे मी त्यांना सांगितले नाही. सही करताना हात थरथरला.

अहवालाची प्रत आणि नोटीस आली, तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या: वडिलांची ‘हिंदू कोळी’ ही विसंगत नोंद आणि ‘अर्जदारास चालीरीतींची माहिती ऐकीव स्वरूपाची’ असा शेरा. शेरा अचूक होता, म्हणूनच तो अधिक लागला. आमच्या लेखी उत्तरात वकिलांनी मुख्य भर १९३८च्या नोंदीवर दिला आणि सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या एका निकालाचा आधार घेतला. स्थलांतर, आधुनिक राहणी आणि इतर समाजांशी आलेला संपर्क यांमुळे जमातींच्या रीती बदलतात, तेव्हा ही चाचणी कागदपत्रांना पूरक म्हणून वापरावी, तिच्या एकटीच्या बळावर दावा नाकारू नये, असे त्यात म्हटले आहे. सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. २०१८ च्या जूनमध्ये, प्रवेशप्रक्रिया सुरू असतानाच, वैधता प्रमाणपत्र हातात पडले.

पडताळणीच असू नये, असे मी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्या वाट्याच्या जागा आणि नोकऱ्या बळकावल्या गेल्या आहेत, हे डोंगरातल्या कोणत्याही गावात विचारले तरी कळेल, आणि असे लाभ टिकवता येणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ साली स्पष्ट केले. माझी तक्रार चाचणीच्या उलट्या गणिताबद्दल आहे. बनावट दावा करणारा माणूस पुस्तकातून सगळे पाठ करून येऊ शकतो. खरा पण शहरात वाढलेला मुलगा अडखळतो, आणि तो अडखळतो कारण त्याच्या आईवडिलांनी धरण, कारखाना आणि भाड्याची खोली या वाटेने येताना बरेच काही मागे ठेवलेले असते. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ही चाचणी निर्णायक कसोटी नाही आणि प्रत्येक प्रकरणात ती आवश्यकही नाही, असे सांगितले, तेव्हा मी नोकरीला लागले होते. तो निकाल कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच राहिला.

त्या कागदांच्या गठ्ठ्यातली आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. वंशावळीत खापरपणजोबांपासून माझ्यापर्यंत पाच पिढ्या आहेत, आणि माझे सोडून त्यात एकाही बाईचे नाव नाही. ज्या आत्याच्या तोंडून मी सगळी उत्तरे घेतली, ती त्या तक्त्यात कुठेच नाही.

मागच्या वर्षी चुलत भावाने अर्ज केला. माझे प्रमाणपत्र आणि तीच वंशावळ जोडली, आणि दक्षता पथक त्याच्या घरी आलेच नाही. काही महिन्यांत काम झाले. कुळ काय, हे त्याला अजून ठाऊक नाही. आत्याने त्याला यंदा वाघबारसीला गावी बोलावले आहे. शिफ्ट बदलून मिळते का ते बघतो, म्हणाला.