कोल्हापुरात दोघांचे दोन दिवस: शनिवार-रविवारचा वृत्तांत, पुढे जाणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारात कोल्हापूर उरकतं का? उरकतं, आणि निवांत उरकतं, फक्त गावाच्या वेळा सांभाळायला हव्यात. मिसळ सकाळची, मटण भर दुपारचं, धारोष्ण दूध दिवेलागणीनंतरचं आणि अंबाबाईचं दर्शन पहाटेचं. यातली एक वेळ चुकली की तेच ठिकाण तासाभराच्या रांगेनं मिळतं आणि दुसऱ्याची वेळ खातं. म्हणून आधी वेळा ठरवा, ठिकाणं त्यात बसवा.

मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी सोय नाही. शुक्रवारी रात्री बसायचं, शनिवारी सकाळी कोल्हापूर, आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. रात्री प्रवासात जातात आणि दोन्ही दिवस पूर्ण हाती राहतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सलग सुट्ट्या आल्या की लगेच भरतं. दोघांसाठी बाजूच्या खालच्या-वरच्या बर्थची जोडी मागा, समोर तिसरं कुणी नसतं. पुण्याहून वंदे भारतनं यायचं असेल तर वार नीट बघा. ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. शुक्रवारी दुपारी ती पुण्याहून निघते हे ठीक, पण कोल्हापुरातून सुटायचे तिचे वार सोमवार, गुरुवार आणि शनिवार. म्हणजे रविवारी परतायला एसटी किंवा दुसरी गाडी धरावी लागते.

स्वतःच्या गाडीनं पुण्याहून साधारण २३० किलोमीटर. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके. पूर्वी साडेचार तासांत व्हायचं. सातारा ते कागल सहापदरीकरण निघाल्यापासून जागोजागी सेवा रस्त्यावर उतरावं लागतं, म्हणून साडेपाच तास धरून चाला. शनिवारी सकाळी सातनंतर खंबाटकी घाटात ट्रकांची आणि सुट्टीवाल्यांची गाठ पडते, तेव्हा पुणं पाचच्या आत सोडलेलं बरं. शहरात शिरायला तावडे हॉटेलचा फाटा. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी बघा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं आणि वाहतूक काही दिवस बंद होती.

राहायचं कुठं, हे गाडी आहे की नाही यावर ठरतं. रेल्वेनं येत असाल तर महाद्वार रोड, भवानी मंडपाच्या आसपास खोली घ्या, पहाटे चालत देवळात जाता येतं. गाडी असेल तर तिथं अजिबात नको. गल्ल्या अरुंद, पार्किंग नाही, आणि रविवारी गाडी आत अडकली की दुपारपर्यंत निघत नाही. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क शांत आहेत, तिथून देऊळ रिक्षानं पंधरा मिनिटांवर. स्टेशन रोडला सोय भरपूर, पण मागच्या बाजूची खोली मागा, पुढच्या खिडकीत रात्रभर हॉर्न. सकाळी साडेसातला पोचणार असाल तर चेक-इन किती वाजता आणि चोवीस तासांचा हिशेब आहे का, हे फोनवर आधीच विचारून घ्या. मूळ ओळखपत्र दोघांचंही लागतं, एकाच्यावर काम भागत नाही.

शनिवारी अंघोळ उरकून थेट मिसळ. फडतरे उद्यमनगरात, चोरगे महाद्वार रोडला, बावडा मिसळ कसबा बावड्यात. पहिल्यांदा येणारे फडतरेंकडं जातात आणि त्यात काही चूक नाही, फक्त नऊच्या आत पोचा. नंतर बाकड्यावर बसलेल्यांच्या मागं उभं राहून जागा धरावी लागते. खायची पद्धत इथली वेगळी आहे. प्लेटीत मटकी, फरसाण, शेव, कांदा-कोथिंबीर, दुकानागणिक बटाट्याची भाजी किंवा चिवडा, आणि कट वेगळा. सोबत पाव मिळत नाही, स्लाइस ब्रेड मिळतो, आणि कटात बुडवायला तोच बरा, कारण तो रस धरतो. सगळा कट एकदम ओतू नका, शेवेचा लगदा होतो. दोन-तीन पळ्या घ्या, वरचा थर संपला की पुन्हा. तिखट लागलं तर पाणी पिऊन काही होत नाही, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळतच नाही. दह्याची वाटी सुरुवातीलाच सांगून ठेवा.

मग पन्हाळा, आणि तो शनिवारीच. रविवार हा जोतिबाचा वार. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागलं की केर्लीपर्यंत जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात. शनिवारी वीस-बावीस किलोमीटरला पाऊण तास लागतो, रविवारी दहानंतर त्याच वाटेला दीड तास सहज जातो. वाघबीळला डावीकडं वळलं की गडाचा चढ सुरू. पावसाळ्यात गडाचा रस्ता चालू आहे ना, हे विचारून निघा. जुलै २०२१ मध्ये तो खचून बरेच दिवस बंद होता.

गडावर वस्ती आहे, गाडी बरीच आतपर्यंत जाते, त्यामुळं पन्हाळा सोपा समजून लोक तासाभरात खाली उतरतात. किमान तीन तास द्या. आधी पश्चिमेकडचा तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव. ही विहीर तीन मजली आहे आणि तिच्यातूनच तटाबाहेर पडायची वाट ठेवलेली आहे. वेढ्यात पाणी हातचं जाऊ नये म्हणून विहिरीवरच इमारत चढवली, हे आत उभं राहिल्यावर लख्ख कळतं. पायऱ्या झिजलेल्या आणि गुळगुळीत, मागं पट्टा असलेलं पायताण घाला. मग अंबरखाना: गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. शेवटी सज्जा कोठी, कारण तिथून सगळा पूर्वेकडचा मुलूख दिसतो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडं निसटले, ते याच गडावरून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळाही आहे, त्यामुळं गर्दी वाढणारच. वाटाड्या घेणार असाल तर दर आणि ठिकाणं आधीच बोलून घ्या. जेवण गडावरच करा: चुलीवरची भाकरी, झुणका, ठेचा, मडक्यातलं दही. दोघांना दोन ताटं पुरून उरतात.

जोतिबाला जायचंच असेल तर तेही शनिवारीच, उतरताना. अंगावर पांढरे कपडे नकोत, देवळाच्या आवारात गुलालानं पायांपासून रंगायला होतं आणि तो डाग हट्टी असतो.

दुपारी चारला परत, तासभर पाठ टेका. साडेपाचला रंकाळा. पूर्वेकडच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य समोर पाण्यापलीकडं मावळतो. नवराबायकोनं काही न बोलता अर्धा तास बसावं अशी ती जागा आहे, तिथं घाई करू नका. पूर्ण फेरी मारायची तर तास-सव्वा तास. अंधार पडला की खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. शेजारीच शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान आहे, आत शिरून मधल्या हौद्याकडं एकदा नजर टाका. चारी बाजूंनी चढत गेलेल्या बैठकीमुळं शेवटच्या माणसालाही मातीतला डाव दिसतो. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत गेलं आणि सारं गाव हळहळलं.

तिथून गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. म्हशी समोर उभ्या असतात, धार थेट भांड्यात, आणि ग्लासात वर चार बोटं फेस. लिंबू पिळलेल्या भेळेवर लगेच दूध पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: हे दूध कच्चं असतं. गरोदर बाईनं, नाजूक पोटाच्या माणसानं किंवा नुकतंच आजारातून उठलेल्यानं ते घेऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. त्यांनी आटवलेलं मसाला दूध घ्यावं.

रविवारी पहाटे पाचला देवळात. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीच्या दिवशी आठनंतर रांग लांबत जाते. पहाटे मात्र गाभाऱ्याजवळ दोन क्षण उभं राहता येतं. नऊला पोचलात आणि वेळ नसेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग आहे, ती लवकर सरकते. कपडे अंगभर असावेत. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि पाच-सात मिनिटं चाला. देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. ढग किंवा धुकं आडवं आलं तर किरणं वाटेतच मंदावतात, त्यामुळं एकाच दिवसाच्या भरवशावर येऊ नका. नवरात्रात मात्र दोन दिवसांची सहल ठरवूच नका, सगळा वेळ रांगेत जाईल.

दहानंतर एकच संग्रहालय घ्या. नवा राजवाडा मोठा, दीड तास लागतो. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, पण आत फोटो काढू देत नाहीत. टाऊन हॉलचं संग्रहालय लहान, पाऊण तासाचं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी सापडतो, यावरून हे गाव किती जुन्या व्यापारवाटेवर होतं ते ध्यानात येतं. दोन्ही सोमवारी बंद, सुट्टी जोडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता चप्पल. चप्पल लाईनीत पहिल्याच दुकानात घेऊ नका, तीन दुकानं बघा. चप्पल हातात घेऊन कडेला नख लावा. चामड्याची कड तंतूतंतू असते, रेक्झिनच्या कडेला आतलं कापड दिसतं. मग तळ बघा: अस्सल चपलेला खिळा नसतो, थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. वास घ्या, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याचा वास तुरट, मातकट येतो. किंमत वाढते ती तळाच्या थरांमुळं आणि वेणी किती बारीक आहे त्यामुळं, चकाकीमुळं नाही. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकारी असे प्रकार आहेत, रोज वापरायची तर साधी, कमी गोंड्याची घ्या. मापात सगळे फसतात. नवी चप्पल अंगठ्यात आणि कानाजवळ, म्हणजे बाजूच्या पाकळ्यांजवळ, घट्ट बसायलाच हवी, कारण चामडं पायाप्रमाणं सैल होतं. दुकानात ऐसपैस वाटलेली चप्पल महिन्याभरात पायातून निसटते. टाच मात्र बाहेर लोंबता कामा नये. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. दागिने बघायचे असतील तर देवळाजवळच गुजरी हा सराफ बाजार आहे, साज आणि ठुशी तिथं.

साडेबाराला मटणाचं ताट. बारा ते दीड हीच वेळ, आणि तिला कारण आहे. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, तीळ-खसखस घालून करतात. तो जास्त उकळला की नारळाचं दूध फाटतं. दुपारी उशिरा तळाशी राहिलेला रस्सा पुन्हा तापवलेला असतो, आणि पातळ लागतो. पद्मा, ओपल, परख, देहाती ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. रस्सा बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, म्हणून एका ताटात दोघं जेवू देत नाहीत. एकानं मटण, दुसऱ्यानं चिकन घ्या आणि सुकं वाटून खा. पांढरा गरम असतानाच प्या, तांबडा भाकरीशी, भात शेवटी. मांसाहार नसेल त्यानं अख्खा मसूर आणि भाकरी मागावी, तेही याच मातीतलं जेवण आहे. जेवून लगेच गाडी चालवायची असेल तर मात्र मटण शनिवारी रात्री आठच्या आत उरका आणि रविवारी दुपारी हलकं खा. या ताटानंतर किणी नाक्यापर्यंतसुद्धा डोळे उघडे राहत नाहीत.

निघताना कांदा-लसूण चटणी घ्या, पण दोनदा पिशवी लावून. तिचं तेल कपड्यात उतरतं. गूळ घ्यायचा तर एक किलोचा छोटा रवा, म्हणजे ढेप, घ्या. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि पिवळाधमक दिसणाऱ्या गुळापेक्षा तांबूस, किंचित काळपट गूळ चांगला. घरी गेल्यावर चपलेच्या अंगठ्याला आतून एरंडेलाचं बोट फिरवा आणि पहिला आठवडा ती रोज अर्धा तासच घाला, तेही घरात. भिजली तर उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. सावलीत वाळवा आणि मग पुन्हा तेल लावा.